क्रूझच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावरचे आलिशान हॉटेल कसे पाहावे

क्रूझचे जहाज कुणासाठी थांबत नाही. विमानाला चार तास उशीर झाला, सामान मागे राहिले, रस्त्यात कोंडी झाली, तरी ठरल्या वेळी दोर सुटतात. म्हणून बंदराच्या गावी आदल्या दिवशीच पोचायचे, ही पहिली शिस्त. मुक्काम करायचाच आहे तर तो समुद्रकाठच्या चांगल्या हॉटेलात करावा, असे अनेकांना वाटते आणि ते योग्यही आहे. फक्त हिशोब आधी मांडायला हवा. खोली दुपारी तीन-चारला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडावी लागते, म्हणजे हातात एकोणीस-वीस तास. त्यातली झोप वजा केली की उरतात दहा-बारा.

या तासांचे काय करायचे याचा नियम सोपा आहे. जहाजावर जे मिळणारच आहे त्यासाठी हॉटेलात वेळ आणि पैसा घालवू नये. जहाजावर जे मिळणार नाही ते मात्र हॉटेलातून पुरेपूर घ्यावे. बुफे, स्पा, जिम, पोहण्याचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम हे सगळे जहाजावर आहे. वाळू नाही. बाल्कनीतून समुद्र दिसतो, पण त्यात पाय बुडवता येत नाहीत. केबिनमध्ये इस्त्री नसते, कोपऱ्यावर औषधाचे दुकान नसते, आणि लॉबीत मुबलक, भरवशाचे वाय-फाय असेलच असे नाही. हॉटेल निवडताना आणि पोचल्यावर त्यात फेरफटका मारताना नजर या गोष्टींवर ठेवा.

पहिली पायरी: आधी बंदर कुठे आहे ते पाहा

क्रूझच्या जाहिरातीत शहराचे नाव असते आणि जहाज मात्र भलतीकडे उभे असते. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘लंडन’ म्हणजे बहुधा साउथॅम्प्टन, सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळपास दोनशे. व्हेनिसमध्ये ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली काही जहाजे रावेन्नाहून सुटतात. शहराच्या नावावर भुलून हॉटेल घेतले तर सकाळ गाडीत जाते आणि समुद्रकाठी राहण्याचा उद्देशच बुडतो.

तिकिटावर बंदराचे पूर्ण नाव आणि टर्मिनलचा क्रमांक शोधा. मोठ्या बंदरात टर्मिनले बरीच असतात आणि एकमेकांपासून लांब असतात. नुसते ‘बंदरावर चला’ म्हटले तर चालक चुकीच्या दाराशी सोडतो आणि सामानासह पायी जाणे शक्य नसते. मग नकाशावर हॉटेल ते टर्मिनल हे अंतर पाहा, पण ते तुमच्या जाण्याच्या वारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास किती मिनिटांचे आहे तेही पाहा. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये किनाऱ्यावरून पोर्ट एव्हरग्लेड्स या बंदराला जाण्याच्या नेहमीच्या रस्त्यावर सतराव्या स्ट्रीटचा उघडझाप होणारा पूल आहे. उंच बोट आली की पूल वर उचलला जातो आणि वाहने थांबतात. मायामीत २०१४ मध्ये सुरू झालेल्या बोगद्याने थेट बंदराच्या बेटावर उतरता येते. पोर्ट कॅनाव्हरलला जायचे असेल तर ऑरलँडो विमानतळाजवळ राहण्यापेक्षा कोको बीचला राहणे सोयीचे. विमानतळ बंदरापासून सत्तर किलोमीटरवर आहे आणि कोको बीच अगदी शेजारी.

दुसरी पायरी: ‘बीचफ्रंट’ खरोखर किती फ्रंट

हॉटेलचे स्वतःचे फोटो यासाठी निरुपयोगी असतात, कारण कॅमेरा रस्ता टाळून लावलेला असतो. नकाशाचे उपग्रहदृश्य उघडा आणि इमारतीपासून वाळूपर्यंत बोट फिरवा. मध्ये रस्ता येतो का? फोर्ट लॉडरडेलच्या मुख्य किनाऱ्यावर बहुतेक हॉटेले आणि वाळू यांच्यामध्ये ए-वन-ए हा मोठा रस्ता आहे. त्यात वाईट काही नाही, सिग्नलवर दोन मिनिटे थांबून ओलांडता येतो. पण लहान मुले किंवा गुडघेदुखीचे ज्येष्ठ बरोबर असतील तर हा फरक मोठा ठरतो. ओल्या अंगाने, टॉवेल-खेळणी घेऊन तो रस्ता दिवसातून चार वेळा ओलांडावा लागतो.

खोल्यांच्या प्रकारांची नावे नीट वाचा. ‘ओशनफ्रंट’ म्हणजे खोलीचे तोंड समुद्राकडे. ‘ओशन व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो, पण इमारत समुद्राला काटकोनात असेल तर बाल्कनीत उभे राहून मान वळवल्यावर. ‘पार्शल’ लिहिले असेल तर दोन इमारतींमधली निळी पट्टी इतकीच अपेक्षा धरा. आणि ‘रन ऑफ हाउस’ म्हणजे हॉटेल देईल ती खोली. दर कमी दिसतो तो त्यामुळे.

एका रात्रीसाठी ओशनफ्रंटचे जास्तीचे पैसे द्यावेत का? समुद्र तर पुढे आठवडाभर दिसणार आहे, असा युक्तिवाद करतात. तो अर्धाच बरोबर आहे. तुमची केबिन आतल्या बाजूची, खिडकी नसलेली असेल तर हॉटेलात समुद्रासमोरची खोली घ्या, पैसे वसूल होतील. केबिनला बाल्कनी असेल तर ओशन व्ह्यूवर भागवा. बंदर जवळ असलेल्या काही हॉटेलांत बंदराच्या बाजूच्या खोलीतून संध्याकाळी चार-पाचनंतर एकामागून एक जहाजे बाहेर पडताना दिसतात. पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, हे दृश्य फार आवडते. खोली आरक्षित करताना कोणत्या दिशेला तोंड असलेली खोली हवी ते कळवून ठेवा.

तिसरी पायरी: पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

हॉटेलला ईमेल करा. फोनवरचे आश्वासन नंतर दाखवता येत नाही. विचारायच्या गोष्टी अशा: रिसॉर्ट फी (खोलीभाड्याशिवाय सक्तीने घेतली जाणारी रक्कम) आहे का आणि त्यात काय धरले आहे (किनाऱ्यावरच्या खुर्च्या आणि छत्री बहुतेकदा यातच येतात, पण नेहमी नाही), पार्किंग किती, आणि क्रूझ संपेपर्यंत गाडी ठेवता येते का, बंदरापर्यंत शटल आहे का, ती फुकट आहे की माणशी पैसे, किती वाजता निघते आणि आधी नाव नोंदवावे लागते का, त्या तारखांना पूल (पोहण्याचा तलाव), किनारा किंवा लिफ्टचे काही काम चालू आहे का. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. खाऱ्या हवेमुळे समुद्रकाठच्या इमारतींची डागडुजी सतत चालू असते. काँक्रीटमधल्या सळया गंजतात, बाल्कनीचे कठडे बदलावे लागतात आणि सकाळी नऊला ड्रिल सुरू होते.

अमेरिकेत १२ मे २०२५ पासून संघीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार सक्तीची रिसॉर्ट फी धरूनच खोलीचा एकूण दर दाखवावा लागतो. पार्किंगसारख्या ऐच्छिक गोष्टी त्यात येत नाहीत, त्या वेगळ्या विचाराव्या लागतात. इतर देशांत नियम वेगळे आहेत. काही ठिकाणी शहराचा पर्यटन कर हॉटेलवर रोखीने घेतात.

हंगामाचाही विचार करा. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या काळात मोफत रद्द करता येणारा दरच घ्या, कारण वादळ आले तर जहाजाची तारीख बदलू शकते आणि हॉटेलचे पैसे अडकतात. कॅरिबियन आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर वसंत ते उन्हाळ्यात सारगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ वाहून येते. ताजे असताना ते फक्त पायात येते. वाळूवर कुजू लागले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. अशा आठवड्यात खालच्या मजल्यावरची समुद्रासमोरची खोली ही सर्वांत वाईट खोली असते. निघण्यापूर्वी दोन दिवस त्या किनाऱ्याचा थेट कॅमेरा इंटरनेटवर पाहून घ्या.

चौथी पायरी: पोचल्यावर खोली तयार नसते, तो वेळ वापरा

बहुतेक जण दुपारी बारा-एकला पोचतात आणि लॉबीत बसून राहतात. गरज नाही. फ्रंट डेस्कवर नोंदणी लगेच होते, किल्ली तेवढी नंतर मिळते. पूलसाठी मनगटात बांधायचा पट्टा किंवा टॉवेल कार्ड तेव्हाच मागा. त्यासाठी पोहण्याचे कपडे, सनस्क्रीन, चपला आणि टोपी हातातल्या पिशवीत वर ठेवलेले असावेत, म्हणजे लॉबीत बॅगा उघडाव्या लागणार नाहीत. टॉवेल कार्ड परत केले नाही तर टॉवेलचे पैसे बिलात लागतात, हेही ध्यानात ठेवा.

डेस्कवर तुमच्या कार्डावर रक्कम रोखून ठेवतात. हा खर्च नसतो, पण ते पैसे तोवर वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्डावर मर्यादेतून तेवढी रक्कम कमी होते, इतकेच. डेबिट कार्ड दिले तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. तोवर तुम्ही समुद्रात असता. म्हणून इथे क्रेडिट कार्डच द्या. जहाजावरही खात्यासाठी अशीच रक्कम रोखतात, त्यामुळे शक्य असेल तर दोन्हीकडे वेगवेगळी कार्डे वापरा. परदेशात यंत्राने ‘तुमच्या चलनात भरायचे का’ विचारले तर नाही म्हणा, स्थानिक चलनात भरा. यंत्राने दाखवलेला दर सहसा महाग असतो.

सामान बेल डेस्कवर (पाहुण्यांच्या बॅगा सांभाळणाऱ्या खिडकीवर) द्याल तेव्हा पावती घ्या आणि तिच्यावर नगांची संख्या लिहिलेली आहे का पाहा. ‘चार बॅगा’ असे लिहून घेतले नाही तर दुसऱ्या दिवशी गडबडीत तीनच गाडीत चढतात.

आता फिरा. आधी किनाऱ्याकडे जा, कारण ऊन-वारा-भरती यांचा अंदाज तिथेच येतो. जीवरक्षकाचा झेंडा पाहा: हिरवा म्हणजे समुद्र शांत, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. जांभळा झेंडा अनेक ठिकाणी जेलीफिशसारख्या दंश करणाऱ्या जीवांसाठी लावतात. देशागणिक थोडा फरक पडतो, म्हणून शेजारचा फलक वाचा. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहा, प्रवाहाची पट्टी संपली की मग वळा. दमलात तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. भरतीची वेळही पाहून ठेवा. काही हॉटेलांसमोरची वाळू भरतीला जवळजवळ नाहीशी होते, आणि सकाळी सातला चालायला जायचे ठरवलेले असते नेमकी तेव्हाच भरती असते.

खुर्च्या कुणाच्या, हे विचारल्याशिवाय बसू नका. काही किनारे सार्वजनिक असतात आणि खुर्च्या ठेकेदाराच्या. हॉटेलचा पट्टा दाखवल्यावर त्या फुकट मिळतात की नाही, हे हॉटेलनुसार बदलते.

किनाऱ्यावरून परत येताना पूलवर नजर टाका: खोली किती, उतरायला पायऱ्या आहेत की फक्त शिडी, जीवरक्षक आहे की ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा फलक आहे, सावली कोणत्या वेळी कुठे येते. उंच इमारत आणि पूर्वेकडचा समुद्र असेल तर दुपारनंतर पूल आणि वाळू दोन्ही इमारतीच्या सावलीत जातात. थंडीच्या दिवसांत यामुळे पाण्यातून बाहेर आल्यावर कुडकुडायला होते. ऊन हवे असेल तर दोनच्या आत पोहून घ्या. मात्र पहिल्याच दिवशी जास्त भाजून घेऊ नका. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे लागते. भाजलेल्या खांद्यांवर पिशवीचा पट्टा घेऊन बंदरातली रांग असह्य होते. हवाईला जात असाल तर तिथे १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेले सनस्क्रीन विकायला बंदी आहे. खनिज प्रकारचे घ्या.

पाचवी पायरी: खोलीतली पहिली दहा मिनिटे

बॅगा उघडण्याआधी खोली तपासा. बदलून घ्यायची असेल तर सामान न पसरलेल्या पाहुण्याला ती लवकर मिळते आणि तीन-चार वाजता डेस्ककडे अजून रिकाम्या खोल्या असतात. सातनंतर नसतात.

बॅगा आधी न्हाणीघरातल्या फरशीवर ठेवा. पलंगाच्या एका कोपऱ्याची चादर उचला, गादीच्या शिवणीवर आणि डोक्याकडच्या फळीच्या मागे मोबाइलचा उजेड टाका. मिरीएवढे काळे ठिपके किंवा तांबूस डाग दिसले तर ढेकूण असू शकतात. तिथल्या तिथे खोली बदला, आणि शेजारची, वरची किंवा खालची घेऊ नका. हॉटेल कितीही तारांकित असले तरी हे पाहायचेच. इथून निघालेले ढेकूण केबिनमध्ये आणि तिथून घरी येतात.

मग बाल्कनीचे सरकते दार. समुद्रकाठच्या खोलीचा खरा कस इथे लागतो. दार एका हाताने सरकते का पाहा. रुळात वाळू आणि मीठ साचले असेल तर ते अडखळते, आणि जोर लावला की रुळावरून उतरते. कुलूप लावून बघा; खाऱ्या हवेत कडी गंजून अर्धीच बसते, बाहेरून दार बंद दिसते पण लागलेले नसते. कठड्याला हात लावून हलतो का पाहा. अमेरिकेतल्या आधुनिक बांधकाम नियमांत कठडा ४२ इंच म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर उंच आणि गजांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी लागते. जुन्या इमारतीत किंवा इतर देशांत तसे नसेल तर लहान मुलांसाठी खुर्ची-टेबल कठड्यापासून दूर सरकवून ठेवा. चढण्यासाठी मुले तेच वापरतात.

दार उघडे ठेवले की अनेक हॉटेलांत एसी आपोआप बंद होतो. ही बिघाडाची खूण नाही. दाराच्या चौकटीला सेन्सर असतो, कारण दमट हवा थंड खोलीत शिरली की भिंतींवर आणि फरशीवर पाणी धरते. फरशी गुळगुळीत असेल तर घसरायला होते. लाटांचा आवाज ऐकत झोपायची हौस असेल तर एसी बंद करून, खोली बाहेरच्या तापमानाला आली की मग दार उघडा. कॅमेऱ्याचेही तसेच आहे: थंड खोलीतून थेट बाहेर आणला की भिंगावर धुके धरते. पिशवीत बंद ठेवूनच वीस-तीस मिनिटे बाल्कनीत राहू द्या, मग काढा.

उरलेल्या गोष्टी भरभर: शॉवर सोडून गरम पाणी किती वेळात येते ते पाहा, संडासाचे पाणी सोडून बघा, एसीच्या जाळीपाशी कुबट वास येतो का हुंगा, दोन खोल्या जोडणारे दार असेल तर ते पलीकडूनही बंद आहे का पाहा आणि त्यातून आवाज येतो का ऐका. दाराच्या मागचा आगीचा नकाशा वाचा, जिना कोणत्या बाजूला आहे ते समजून घ्या आणि आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात ते मोजा. धुरात दिसत नाही, तेव्हा हाताने दारे मोजत जावे लागते.

तिजोरी उघडी असतानाच आकडा घालून एकदा लावून-काढून बघा. आणि पासपोर्ट तिजोरीत ठेवणार असाल तर उद्या घालायच्या बुटांपैकी एक बूटही तिच्यात ठेवा, म्हणजे तिजोरी उघडल्याशिवाय निघताच येणार नाही. तिजोरी फार लहान असेल तर मोबाइलचा चार्जर ठेवा. पासपोर्टाशिवाय टर्मिनलवर पोचलेल्या माणसाला परत हॉटेलकडे धावावे लागते, आणि जहाजावर चढणे ठरल्या वेळी बंद होते.

कासवांबद्दल एक सूचना, कारण हॉटेले ती लहान अक्षरात देतात. फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर १ मार्च ते ३१ ऑक्टोबर हा समुद्री कासवांचा अंडी घालण्याचा काळ. अंड्यातून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने समुद्र शोधतात. बाल्कनीतला दिवा लागला की ती रस्त्याकडे वळतात आणि मरतात. या महिन्यांत अंधार पडल्यावर बाल्कनीचा दिवा बंद आणि पडदे ओढलेले हवेत, वाळूवर टॉर्च किंवा फ्लॅश वापरू नये. वाळूत खणलेले खड्डे बुजवा, मुलांनाही तसे सांगा.

सहावी पायरी: संध्याकाळी उरकायची कामे

इस्त्री आत्ताच करा. तापणारी साधने, म्हणजे इस्त्री, स्टीमर, किटली, बहुतेक जहाजांवर आणू देत नाहीत, कारण समुद्रात आग ही सर्वांत मोठी भीती. काही जहाजांवर सार्वजनिक लाँड्री असते, सगळ्यांवर नाही. पहिल्या दोन-तीन औपचारिक रात्रींचे कपडे हॉटेलच्या इस्त्रीने नीट करून, घडीत पातळ प्लास्टिक घालून बॅगेत सर्वांत वर ठेवा. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणे वाचवणारी सोय) असलेली एक्स्टेन्शन बोर्डेही जहाजावर जप्त होतात. जहाजाच्या विजेच्या जोडणीत दोन्ही तारांमध्ये दाब असू शकतो, आणि जमिनीवरच्या घरांसाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर तिथे तापून पेट घेऊ शकतो.

सामानाच्या चिठ्ठ्या घरूनच छापून आणा किंवा हॉटेलच्या डेस्कवर छापून घ्या, स्टेपलरही तिथेच मागा. विमानप्रवासाआधी चिठ्ठी लावू नका, फाटून जाते. आज रात्री लावा: कागद चार घड्या करून हॅन्डलभोवती गुंडाळायचा, दोन ठिकाणी स्टेपल मारायचे, वरून पारदर्शक चिकटपट्टी. जहाजाचे नाव आणि केबिन क्रमांक बाहेरून वाचता यायला हवा.

जेवताना थोडी काळजी. चढण्याच्या वेळी आरोग्याची प्रश्नावली भरतात. नुकत्याच उलट्या-जुलाब झाल्या असतील तर तपासणीसाठी थांबवतात, क्वचित चढूही देत नाहीत, कारण नोरोव्हायरस जहाजावर झपाट्याने पसरतो. कच्चे ऑयस्टर आजच्या रात्री नकोत. हॉटेलचे महागडे भोजन घ्यायचे की नाही ही आवडीची बाब आहे, पण ‘सकाळच्या बुफेसह’ हा दर माझ्या मते एका रात्रीसाठी घेऊ नये. जहाजावर चढताच दुपारचा बुफे तयार असतो. मधुमेही मंडळींनी मात्र नाश्ता चुकवू नये आणि हातपिशवीत काही खायला ठेवावे. रांग लांबली की जेवण दोनपर्यंत जाते.

समुद्र लागण्याचा त्रास असेल तर औषधाची वेळ आजच ठरवा. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मेक्लिझिनची गोळी साधारण तासभर आधी घेतात. जहाज पाचला सुटणार असेल तर पट्टी हॉटेल सोडतानाच लावा, आणि लावल्यावर हात धुवा. तेच बोट डोळ्याला लागले तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसू लागते.

सातवी पायरी: निघण्याची सकाळ

उशिरा खोली सोडण्याची विनंती काल चेक-इनच्या वेळीच करायला हवी होती. सकाळी मागितली तर घरकामाच्या यादीत खोली अकराला लागलेली असते. बारापर्यंत मिळाली तरी तुमच्या बोर्डिंगच्या वेळेशी जुळते का पाहा. क्रूझ कंपनी ऑनलाइन चेक-इनमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचा टप्पा देते. फार आधी गेलात तर बाहेर उन्हात उभे राहावे लागते. फार उशीर अधिक वाईट: अमेरिकेच्या बंदरांत प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटे आधी सीमाशुल्क खात्याकडे जावी लागते, म्हणून कंपन्या ६० ते ९० मिनिटे आधी दारे बंद करतात. सुटण्याची वेळ चार असेल तर अडीच ही तुमची शेवटची वेळ समजा.

समुद्र हवा असेल तर सहा ते आठ. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर सूर्योदय मिळतो, वाळू रिकामी असते, खुर्च्यांची पळापळ नसते. ओले कपडे आठपर्यंत बाल्कनीत खुर्चीच्या पाठीला बांधून टाका. नुसते ठेवले तर वाऱ्याने उडतात. नऊला आत घ्या, पिळून प्लास्टिकच्या पिशवीत.

दहा ते अकरा लिफ्ट भरलेल्या असतात, कारण त्या दिवशी सुटणाऱ्या सगळ्या जहाजांचे प्रवासी एकदम खाली उतरतात. सामान साडेनऊला बेल डेस्ककडे पाठवा, स्वतः हलक्या हाताने उतरा. हॉटेलच्या शटलने जायचे असेल तर जागा काल नोंदवलेली हवी. टॅक्सी असेल तर मोठ्या बॅगा किती हे आधी सांगा. चार जण आणि चार मोठ्या बॅगा साध्या गाडीत बसत नाहीत.

बिल मोबाइलवर आले तरी डेस्कवर एकदा ओळीओळीने पाहा. मिनीबारमधली बाटली नुसती हलवली तरी काही ठिकाणी सेन्सरमुळे पैसे लागतात. पार्किंगचा एक दिवस जास्त, न वापरलेली खुर्ची असल्या चुका समोरासमोर पाच मिनिटांत सुटतात. जहाजावरून ईमेलने सोडवायला आठवडा जातो.

जहाजावर जाणारी हातपिशवी वेगळी करा: पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंग पास, सगळी औषधे, दागिने, चार्जर, एक जोडी कपडे, पोहण्याचा पोशाख. मोठ्या बॅगा टर्मिनलवर हमालांकडे दिल्या की केबिनपाशी संध्याकाळपर्यंत, कधी रात्री जेवणानंतर येतात. जहाज दुसऱ्या देशात जाऊन परत त्याच बंदरात येणार असेल तर तुमचा व्हिसा दुसऱ्यांदा प्रवेश देतो का, हे घरी असतानाच तपासलेले असावे. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर कंपनी चढू देत नाही.

मुक्काम न करता हॉटेल पाहायचे असेल तर

पुढच्या वेळी कुठे राहावे, किंवा घरातल्या लग्नासाठी जागा कशी आहे, हे पाहायला काही जण क्रूझच्या आधी हॉटेलची फेरी मारतात. त्यासाठी फ्रंट डेस्कला नव्हे, विक्री विभागाला दोन-तीन दिवस आधी लिहा. वेळ मागा दुपारी एक ते तीनची, आठवड्याच्या मधल्या वारी: सकाळच्या खोल्या साफ झालेल्या असतात आणि नवे पाहुणे अजून आलेले नसतात. एक साधी खोली आणि एक समुद्रासमोरची, अशा दोन्ही मागा. दाखवायला ठेवलेला सजवलेला सूट पाहून काही कळत नाही. फोटो घेण्याआधी विचारा. पूल आणि किनारा वापरायचाच असेल तर काही हॉटेले दिवसाचा पास विकतात, पण सुट्टीच्या दिवशी तो बंद ठेवतात.

निघताना डेस्कवरून हॉटेलच्या बेल डेस्कचा आणि हरवलेल्या वस्तूंच्या विभागाचा थेट नंबर लिहून घ्या आणि जहाज सुटेपर्यंत फोन हाताशी ठेवा. चार्जर, चष्मा, फ्रिजमधले इन्सुलिन मागे राहिल्याचे टर्मिनलच्या रांगेत एक-दोनला आठवले तर वस्तू टॅक्सीने टर्मिनलच्या दाराशी मागवता येते. चालकाला टर्मिनलचा क्रमांक, जहाजाचे नाव आणि तुमचा मोबाइल नंबर द्या, आणि ती हातात पडेपर्यंत सुरक्षा तपासणीच्या आत जाऊ नका, कारण एकदा आत गेल्यावर बाहेर येणे अवघड होते.